बाईंचं गाणं काढताना

मी आज जो काही आहे, तो रोह्याच्या शाळेतल्या सुमन ठाकूर बाईंमुळे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. दहावीनंतर वडील मला वीटभट्टीवर नेणार होते. तेव्हा बाई कोलाडजवळच्या आमच्या वाडीवर आल्या, अंगणात बसल्या आणि वडील ‘शिकू दे’ म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. त्या गेल्याचं सांगायला त्यांच्या भाच्याचा फोन आला, तेव्हा मी पेणच्या ऑफिसात संगणकावर त्यांचंच नाव शोधत होतो. ते सापडू नये, अशी मनात इच्छा धरून...

मी ज्या संस्थेत काम करतो, ती इथल्या लोकांच्या जगण्याचं ऑनलाइन संग्रहालय उभारते आहे. मिठागरं, गणपतीचे कारखाने, खाडीकाठची गाणी. लोकांनी घरातले जुने फोटो, आवाज, आठवणी मोबाइलवरून आपणहून पाठवायच्या, अशी कल्पना. मी हौसेनं गावोगाव पत्रकं वाटली. कोणी काही पाठवलं नाही. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, “का पाठवावं? तुम्ही कोण? घेऊन करणार काय त्याचं?” कुठल्याही चांगल्या गोष्टीकडे त्या आधी अशाच डोळे बारीक करून बघायच्या.

मग एकदा त्या माझ्याबरोबर पेणजवळच्या जोह्याला, गणपतीच्या एका कारखान्यात आल्या. सण तोंडावर होता, कारखान्यात मूर्ती रंगत होत्या. फोटोला याहून चांगली वेळ कुठली, असं मला वाटलं. मोबाइल वर केला, तशा मालकीणकाकी आडव्या आल्या.

“फोटो नाय काढायचा हां.”

“काकी, संग्रहालयासाठी हवाय.”

“कशासाठी पन असू दे. नवा नमुना हाय. आज तू मोबाइलवर टाकशील, उद्या पलीकडचा तसाच साचा काढून बसेल.” मग बाईंकडे वळून, “काय गो बाय, पोरगा तुझा व्हय? शिकलेला दिसतोय.”

“मीच शिकवलाय,” बाई म्हणाल्या, “पण अजून कच्चा हाय.”

सगळा कारखाना हसला. निघताना बाईंनी विचारलं, “विसर्जन झाल्यावर फोटो देशील का गो?”

“देईन की. पन मला नको वाटला तर काढून टाकायचा. टाकाल ना?”

मी लगेच हो म्हणालो. एसटीत बसल्यावर बाई म्हणाल्या, “हो म्हणालास खरा. पण एकदा चढवलेला फोटो काढून टाकता येतो का? कुणी काढून बघितलाय?” कुणीच बघितला नव्हता. “मग मी बघते.”

बाईंची आई मिठागरात कामाला जायची. तिच्याकडून ऐकलेलं, मीठ ओढताना म्हणायचं एक गाणं बाईंनी स्वतःच्या आवाजात पाठवलं. ऑफिसात आनंदीआनंद झाला. गाणं संग्रहालयाच्या पानावर चढलं, खाली भराभर प्रतिक्रिया आल्या. आणि मग बाईंनी कळवलं, काढून टाका. आमचे प्रमुख म्हणाले, त्यांची समजूत घाल. नंतर म्हणाले, तांत्रिक अडचण आहे. मग खरं कारण बाहेर आलं : एकानं काढलं की सगळेच काढतील. इकडे बाईंचा फोन यायचा, “काय रे, गातेय का मी अजून?” सूर चेष्टेचा असायचा, पण त्या माझा शब्द तपासत होत्या. शेवटी मी प्रमुखांना स्पष्ट सांगितलं, हे निघत नसेल तर लोकांकडे मागायला मी जाणार नाही. तेव्हा कुठे ते निघालं. आता आमच्या पानावर ‘पाठवा’च्या आधी ‘काढून कसं टाकायचं’ ते लिहिलेलं असतं. विसर्जनानंतर जोह्याच्या काकींचा फोटो आला. मग हळूहळू इतरांचेही. काहींनी परत काढून घेतले, बरेचसे राहिले.

तरी माझा विश्वास बसेना. रोज सकाळी आधी बाईंचं नाव शोधून बघायचं, मगच कामाला लागायचं, ही सवय लागली. ही सवय त्यांचीच.

बाई गेल्याचं कळल्यावर ऑफिसात पहिलं वाक्य ऐकलं ते हे, “त्यांचं गाणं आहे ना आपल्याकडे?” पानावरून काढलं, तरी कुणाच्या तरी संगणकात प्रत ठेवलेली होती. श्रद्धांजली म्हणून परत चढवू, म्हणतात. भाचाही म्हणतो, “चढव रे, आत्याचा आवाज तरी राहील.” त्याचं मन मला कळतं. तो आवाज मलाही ऐकावासा वाटतो... पण ऑफिसातलं हे दुःख बाईंसाठी आहे की पुन्हा भराभर येणाऱ्या प्रतिक्रियांसाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी नाही म्हटलं आहे. उद्या माझ्या जागी दुसरा बसला तर काय, याची खात्री नाही, म्हणून हे चार लोकांसमोर लिहून ठेवतो आहे.

मोबाइलवरच्या निरोपावर बाईंचा भरवसा नव्हता. म्हणून गाणं निघालं त्या दिवशी मी त्यांना पोस्टानं पत्र पाठवलं होतं :

“आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. तुमचं गाणं आज काढलं. माझ्या मोबाइलवर आणि खालच्या दुकानदाराच्या मोबाइलवर शोधलं, सापडत नाही. तुम्हीही शोधा, माझ्या सांगण्यावर राहू नका. पुन्हा द्यावंसं वाटलं तर तुम्ही स्वतः सांगा. तुमच्या तोंडून ‘हो’ ऐकल्याशिवाय ते कुणाच्याही सांगण्यावरून परत चढणार नाही. माझ्याही नाही. तुमचा विद्यार्थी, रमेश.”