तीन काळे डबे घेऊन डोंबिवली ते माजिवडा

डोंबिवलीहून स्कूटरने माजिवड्याला जाणार असाल तर आठाच्या आत निघा. मी शनिवारी पावणेआठला निघालेलो, पायांपाशी काळ्या कागदात गुंडाळलेले तीन डबे घेऊन.

डब्यांत ज्वारीचे पाच दिवसांचे अंकुर होते. धाकटी बहीण नेहा माजिवड्याला शिकते. तिच्या खोलीत अंधार मिळत नाही, म्हणून तिने ते आमच्या देवघराखालच्या कपाटात पेरलेले. मी बारावी अर्धवट सोडलेला, पण तिने समजावलेलं वहीत लिहून घेतलंय: पानं हिरवी करणारं एन्झाइम रोपात असतंच, फक्त उजेड पडल्याशिवाय कामाला लागत नाही. ते किती कामाला लागतं, हे ती आज मोजणार होती. मशीन आजच मिळणार होतं.

शिळफाट्यापर्यंत रस्ता खोदलेला. मुंब्रा बायपासआधी चहा-वडापावला थांबलो, पस्तीस रुपये. तिथे आईचा फोन आला.

"अरे, सांगायचं राहिलंच. काल सांजवात लावली तेव्हा दोन नंबरचं झाकण काढलेलं मी. घट बसवतो तसंच वाटलं रे. उगवतंय त्याला दिवा नको दाखवायला?"

"किती वेळ?"

"दिवा शांत होईपर्यंत."

"आई, वर 'उघडू नये' लिहिलेलं!"

"मला वाटलं, ते बाबांसाठी आहे."

डबे बाहेरून सारखेच. मी बोललो नसतो तर नेहाला कळलंही नसतं. आकडे मात्र चुकले असते आणि तिने स्वतःलाच दोष दिला असता. खारेगावला ट्रकांच्या रांगेत अर्धा तास तिला सांगायचं वाक्य मनात जुळवत होतो.

प्रयोगशाळेच्या दारातच सांगून टाकलं. नेहाने दोन नंबर खिडकीशी नेऊन उघडला. पिवळ्या पात्यांच्या शेंड्यांना पुसट हिरवी झाक होती.

"पोचला की रे आईचा दिवा," ती म्हणाली. डोळे भरलेले, तरी हसली. "सर हा डबा पुन्हा करायला लावणार."

"मग पुन्हा पेरू."

"सांगितलंस ते बरं केलंस, दादा. नाहीतर आकड्यांशी भांडत बसले असते."

उरलेले दोन घेऊन ती अंधाऱ्या खोलीत गेली. परत येताना मी दोन नंबर उघडाच आणला. संध्याकाळपर्यंत सगळी पाती हिरवी.

आता कपाटात नवा डबा आहे. सांजवातीला आई झाकणाला पदराने आडोसा करते, लांबूनच दिवा ओवाळते आणि मला विचारते, "फटीतून आत नाही ना गेला रे?"