मोत्यांच्या गावातला दोर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे, त्यामुळे माझा त्यांवर काडीचाही विश्वास नाही, हे आधी सांगून टाकते. मी ग्रेटा. मूळची वसईची, दुबईत अल बर्शाला राहते, सात वर्षं टूर गाईड आहे. जिन कुठल्या खिडकीत दिसतो असं कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत एखादी खिडकी दाखवते... लोक खूश होतात.

प्रसंग मागच्या फेब्रुवारीतला. रास अल खैमाजवळ अल जझीरा अल हमरा नावाचं ओसाड गाव आहे. सोन्याची खाण बंद पडली की खाणीचं गाव उठतं ना, तसं हे मोत्यांवर जगणारं गाव उठलं. बाजारात जपानचे कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती आले, इथला धंदा बसला आणि पुढे माणसं दुसरीकडे राहायला गेली. प्रवाळाच्या दगडांची घरं, अंगणं, मशीद तेवढी मागे उरली. आता काही घरं दुरुस्त केलीत, वीकेंडला फोटो काढणारे येतात. खरं सांगू, मॉलपेक्षा मला हे गाव दाखवायला जास्त आवडतं.

त्या शनिवारी दुबईतल्याच अल मनखूलमधली बारा मराठी मंडळी होती. त्यांत सत्तरीचे देशपांडे काका, नागपूरहून मुलाकडे आलेले, आणि त्यांची सून मृणाल. सकाळचे साडेदहा वाजले होते. बसमधून उतरताच काका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी सावलीसावलीने येतो."

बाकीच्यांना मी मशिदीपाशी नेलं आणि मोती काढणाऱ्यांबद्दल सांगत बसले — पाणबुडे पायाला दगड बांधून तळाशी जायचे आणि होडीवरचा जोडीदार दोर ओढून त्यांना वर घ्यायचा.

वीस मिनिटांनी मृणाल माझ्याजवळ आली. चेहरा उतरलेला. "ग्रेटा, बाबा कुठेच दिसत नाहीत. इन्सुलिन घेतात ते, आणि सकाळी धड खाल्लंही नाही."

सगळे हाका मारत पांगले. काकांचा फोन बसमध्येच राहिला होता, आणि तिथल्या गल्ल्या सगळ्या एकसारख्या. माझ्याबरोबर आमचा ड्रायव्हर सलीमभाई होता. तेवढ्यात मला आवाज आला... बऱ्याच पुरुषांचा, एका ठेक्यातला. एक जण ओळ उचलायचा, बाकीचे खालच्या सुरात हुंकार द्यायचे. शब्द कळत नव्हते, ठेका मात्र ओळखीचा होता. माझे पप्पा मच्छीमार. होडी किनाऱ्यावर ओढताना दहा-बारा जण असाच एकदम जोर लावतात.

"सलीमभाई, ये गाना किधर बज रहा है?"

"कौनसा गाना, मॅडम? इधर तो कुछ नहीं बज रहा."

वाद घालायला वेळ नव्हता. मी आवाजाच्या रोखाने निघाले — डावीकडे वळून एका पडक्या दारातून आत. मागच्या अंगणात काका भिंतीला टेकून बसले होते, घामाने चिंब, डोळे अर्धवट मिटलेले. त्यांच्याजवळ पोचले आणि सूर थांबला.

त्यांना गिळता येतंय असं बघून मी माझ्या पिशवीतला ज्यूस थोडाथोडा पाजला. सलीमभाईने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मृणालही धावत आली होती आणि काका बोलायला लागले होते.

"कोण होता गं तो?" त्यांनी मृणालला विचारलं.

"कोण, बाबा?"

"मी पाण्यात खाली खाली चाललो होतो. वरून कुणीतरी दोर ओढत होता. सोडेचना."

मृणालने माझ्याकडे पाहिलं. पाणबुड्यांची माहिती मी दोन गल्ल्या पलीकडे सांगितली होती. काका तिथे नव्हतेच.

काका त्याच संध्याकाळी घरी गेले, आज ठणठणीत आहेत. पुढच्या आठवड्यात मी त्याच वेळी एकटी जाऊन आले. जवळपास स्पीकर नाही, काम करणारी माणसं नाहीत, समुद्रही आता तिथून बराच लांब गेलाय. गाण्याचा मला आजवर उलगडा झालेला नाही.

शुगर उतरली की माणसाला काहीही भास होतात, असं हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले. मान्य. पण शुगर काकांची उतरली होती, माझी नाही.