नव्वदापैकी एकोणऐंशी

आमच्या मुनीराच्या पोटात काही राहत नाही, हे मी लग्न झाल्यापासून सांगतोय, पण ऐकतंय कोण. पौडच्या बाजारात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत तिचं शिलाई मशीन. कासार आंबोलीपासून रिह्याच्या खोऱ्यापर्यंतच्या बायका तिच्याकडे ब्लाऊज शिवायला टाकतात. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी ती जाते आणि तिला सोडायला माझी स्कूटर जाते. स्कूटर आपली आपण चालत नाही, हे सांगायला नकोच.

तिची एक खोड आहे. टेप लावला की आकडा मोठ्यानं म्हणायचा, मग वहीत लिहायचा. म्हटला नाही तर लिहिताना चुकतो म्हणे. शेजारच्या किराणावाल्याला निम्म्या तालुक्याच्या कमरा पाठ झाल्या असतील, पण माणूस सज्जन आहे, कधी बोलला नाही.

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका संस्थेतून मृण्मयी मॅडम आल्या. लोक इंटरनेटच्या किती आहारी गेलेत हे त्यांना मोजायचं होतं, आणि त्यासाठी घराघरांत शिरता येईल अशी बाई हवी होती. अठरा प्रश्नांचा फॉर्म, प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण, जास्तीत जास्त नव्वद. साठच्या वर गेलं की ‘गंभीर’. हेच प्रश्न जपानी, तुर्की, पोर्तुगीज भाषांत विचारून झाले होते, आता मराठीची पाळी होती. एका मुलखाचं माप दुसऱ्या मुलखाला लागतंय का, ते बघायचं. पंधरा दिवसांनी त्याच माणसाकडून तोच फॉर्म पुन्हा भरून घ्यायचा.

“ताई, प्रश्न जसाच्या तसा वाचायचा,” मॅडम म्हणाल्या. “स्वतःचं काही ॲड करायचं नाही.”

मुनीरानं मान डोलावली. मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

पहिलाच प्रश्न होता, ‘आपल्या खोलीत एकटे असताना तुम्ही ठरवल्यापेक्षा अधिक काळ ऑनलाइन राहता का?’ रिह्याचे विठ्ठलराव म्हणाले, “एकटं? आमच्यात माणूस एकटा कवा असतोय? लिवा, खोली न्हाई.” फॉर्मात ‘खोली नाही’ला चौकोनच नव्हता. पुढचा प्रश्न, नेट नसल्यास तुम्हाला बेचैन वाटते का. “बेचैन कशापायी? वरच्या टेकाडाव जातो, तितं रेंज येतीया.” रोज जाता का, असं मुनीरानं विचारलं. खरं तर तो प्रश्न फॉर्मात नव्हता. “दिसातनं चार येळा. गुडघं लई दुखत्यात.” आणि ‘बेचैन’च्या पुढे लागला एक गुण, कधीच नाही.

कासार आंबोलीत शुभांगीला बारावा प्रश्न विचारला, तुम्ही आपला वापर घरच्यांपासून लपवता का. सासूबाई शेजारी शेंगा सोलत बसलेल्या. शुभांगी म्हणाली, “कधीच न्हाई.” आणि सासूबाई म्हणाल्या, “लपीवतीया, पर मला म्हाईत न्हाई असं तिला वाटतंय.” आता चौकोन कोणता भरायचा? चार दिवसांनी शुभांगी ब्लाऊजच्या मापाला आली, पडद्यामागे गेली, आणि दंडाला टेप लागल्याबरोबर म्हणाली, “ताई, त्ये बारावं बदला.” तेव्हापासून मुनीरानं बायकांचे फॉर्म मापाच्या वेळीच भरायचं ठरवलं. टेप अंगाला लागला की बायका खरं बोलतात, हे जपानात कुणाला सुचलं नसेल.

माझाही फॉर्म भरला. मी ‘कधीच नाही, कधीच नाही’ म्हणत होतो आणि ती न बघता ‘नेहमी’वर खुणा करत होती. माझा आकडा मी सांगणार नाही. बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ बघणं हा काही गुन्हा नाही.

मग आल्या रंभामावशी.

मावशी रिह्याच्या. वय सत्तरीला टेकलेलं, मालक जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा हैबतराव बंगलेवाल्या लोकांच्या फार्महाऊसची देखभाल बघतात, सकाळी आठला जातात ते सातला येतात. सून उरवड्याला कंपनीत. नातू पुण्याला शिकायला. लेक सुलक्षणा गोंदियाला दिलेली. मावशी घरात दिवसभर एकट्या. पण एकट्या म्हणायचं तरी कसं? तांदळाच्या डब्याला टेकवून फोन ठेवलेला असायचा आणि त्यात सुलक्षणा. इकडे मावशी तांदूळ निवडतायत, तिकडे ती भाजी चिरतेय. बोलणं फारसं नाहीच. मधूनच कुणीतरी म्हणायचं, “कुकर झाला का गं?” दुपारी दोघी आपापली ताटं घेऊन समोरासमोर जेवायच्या.

मुनीरा दंडाला टेप लावून प्रश्न वाचत होती, तेव्हाही सुलक्षणा डब्यापाशी होतीच. ठरवल्यापेक्षा जास्त वेळ ऑनलाइन राहता का? “दिसभर की.” बंद करावं लागलं तर वाईट वाटतं का? “लई.” घरातल्या माणसांत बसण्यापेक्षा ऑनलाइन राहणं बरं वाटतं का? “व्हय.” सुलक्षणा तिकडून हसून म्हणाली, “आई, पाचच सांग सगळ्याला, सुटशील.” मावशींनी जवळपास तेच केलं.

मुनीरानं बेरीज केली, आणि केली ती केली, सवयीनं मोठ्यानं म्हणाली, “एकोणऐंशी.”

नेमके त्याच वेळी हैबतराव चार्जर विसरला म्हणून घरी आलेले. “कितीपैकी?” “नव्वद.” त्यांना आधी बरंच वाटलं. मग त्यांनी कागद हातात घेऊन तळाची ओळ वाचली. साठच्या वर : गंभीर. हैबतराव माणूस वाईट नाहीत. पण छापील कागदापुढे त्यांचं काही चालत नाही, आणि आईच्या डोक्यावर परिणाम होतोय असं त्यांच्या मनानं घेतलं. त्याच दिवशी फोन लोखंडी कपाटात गेला आणि किल्ली करदोट्याला. संध्याकाळी ते स्वतःच्या फोनवरून बहिणीशी बोलू द्यायचे, दोन मिनिटं, समोर उभं राहून, औषध दिल्यासारखं.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी दुसऱ्या फेरीला गेलो, तर मावशींची अठराच्या अठरा उत्तरं ‘कधीच न्हाई’. बेरीज अठरा. याहून कमी कुणाला पडूच शकत नाहीत. कागदावर बघितलं तर तालुक्यात रंभामावशींइतकं धडधाकट कोणी नव्हतं.

मुनीरानं वर बघितलं. डब्यापाशी फोन नव्हता. मावशींचं तोंड उतरलं होतं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. दुपारचा एक वाजलेला आणि चूल गार.

“जेवला नाहीत?”

“कोनासंगं जेवू?” मावशी म्हणाल्या. कपाटाची हकीकत तेव्हा कळली.

परतीच्या वाटेवर मुनीरा स्कूटरवर माझ्या मागे बसून रडत होती. “मीच मोठ्यानं बोलले. म्हातारीचं जेवण तोडलं मी.” एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी स्कूटर तेवढी सावकाश चालवली.

मॅडमला फोन केला. त्या म्हणाल्या, “ताई, स्कोर आपल्या अभ्यासासाठी असतो, घरी सांगायचा नसतो. आणि तो आजार आहे असं त्यावरून ठरत नाही. तुम्ही त्यांना नीट समजवा ना.” हैबतरावांना समजवा! मुनीरानं दोनदा फोनवर समजावलं. ते म्हणाले, “वहिनी, तुमी म्हनताय म्हंजी कागद खोटा हाय का?” कागद खोटा आहे असं तिला म्हणता येईना. मावशींची उत्तरं खरीच होती.

रविवारी सकाळी तिनं एक कोरा फॉर्म घेतला आणि मला म्हणाली, “चला रिह्याला.” हैबतराव घरी होते, सून कंपनीत जादा पाळीला गेलेली. मुनीरानं तो कोरा फॉर्म त्यांच्याच हातात दिला. “दादा, तुम्ही धरा. मी पाठ म्हणते. प्रश्न तेच आहेत, एक शब्द तेवढा बदलणार. इंटरनेट म्हणायचं तिथं मी लेक म्हणणार.”

मॅडमनी ऐकलं असतं तर भोवळच आली असती.

“मावशी, ठरवल्यापेक्षा जास्त वेळ लेकीबरोबर राहता का?”

“व्हय की.”

“लेक समोर नसली तर बेचैन वाटतं का?”

“लई.”

“लेकीपायी झोप मोडते का?”

“ल्येकरू लांब हाय. मोडतीयाच.”

“घरातल्या माणसांत बसण्यापेक्षा लेकीबरोबर बसणं बरं वाटतं का?”

मावशींनी दाराकडे बघितलं. “घरात हाय कोन? सकाळी दार वाजतंय जाताना, सांजंला वाजतंय येताना.”

हैबतरावांनी कागदावरचं बोट काढलं नाही, पण ते पुढे सरकलंही नाही. मुनीरानं राहिलेले प्रश्न संपवले आणि बेरीज केली. या वेळी तिनं आकडा तोंडानं म्हटला नाही, लिहून त्यांच्यापुढे धरला. एकोणऐंशी.

“खाली काय लिहिलंय, दादा?”

“गंभीर.”

“मग सुलक्षणालाही कपाटात ठेवायची का?”

हैबतरावांनी हातातला कागद खाली ठेवला. मग “माजं चुकलं, आई,” इतकंच म्हणाले आणि करदोट्याची गाठ सोडू लागले. ती सुटेना, तेव्हा मीच माझ्या खिशातला कटर दिला.

फोन पार मेला होता. मी तो चार्जिंगला लावला आणि आम्ही चौघंही त्याच्याकडे बघत बसलो. लागल्यावर पहिल्याच रिंगला सुलक्षणानं उचलला. आधी दोघींनी पदरानं डोळे पुसले. मग ती म्हणाली, “आई, भात टाकलास का?” मावशी उठल्या, फोन डब्याला टेकवला आणि तांदूळ धुवायला घेतले. आम्हाला जेवल्याशिवाय जायचं नाही असं बजावलं.

हैबतराव बहिणीला फक्त “बरी हायेस का” म्हणायला वाकले होते. तिनं विचारलं, यंदा शेतातला इंद्रायणी भात कसा झालाय? त्यांनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तिकडं कोणतं बी लावतात? ती सांगू लागली. ते पाट ओढून बसले. भात झाला, पिठलं झालं, ताटं वाढली, त्यांच्या ताटावर माशा बसायला लागल्या आणि हे आपले डब्यापुढे. फार्महाऊसवाल्याचे दोन फोन येऊन गेले, ते त्यांनी कापले. मावशींनी दोनदा हाक मारली, तीही त्यांना ऐकू आली नाही.

मावशींनी घास हातातच धरला आणि मुनीराला म्हणाल्या, “पोरी, पिशवीत कोरा कागद उरला आसंल तर काढ. ह्याचाबी भर. ह्याला लागलंय बघ.”