शेपटीवालं निळं फुलपाखरू

आमच्या शेतात लहान निळी फुलपाखरं दोन तऱ्हेची असत. उडताना सारखीच दिसत, म्हणून ती बसेपर्यंत थांबावं लागे. एक नखाएवढं, ते धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवताला धरून उडे. त्याची भीती नव्हती. दुसरं जरा मोठं. तुरीच्या फुलावर बसून ते पंख मिटून घेई, की निळा रंग गायब. मग मातकट पंखांवर पांढऱ्या लाटा दिसत, मागच्या कडेला दोन काळे ठिपके आणि केसासारखी शेपटी.

इंग्रजांच्या अमदानीतल्या एका मार्गशीर्षात जिकडेतिकडे हे शेपटीवालंच दिसू लागलं. कपाशीत आम्ही तुरीचे चार तास, म्हणजे चार ओळी, घेत असू. ती तूर विकायची नव्हती, घरची वर्षाची डाळ तिच्यातूनच निघे.

"काय गोड हाये व!" मोठी जाऊ म्हणाली.

"गोड कायचं, जाऊबाई? याची लेकरं आपलं वरण खातीन."

माझ्या नवऱ्याने शिरपूरच्या मंदिरात मुनिमहाराजांसमोर नियम घेतला होता की, आपल्या शेतात जीव मारायचा नाही. इतर लोक झाडाखाली कापड अंथरून तूर हलवत आणि पडलेल्या अळ्या कोंबड्यांना टाकत. आमच्याकडे त्या टोपल्यात भरून नाल्यापलीकडे सोडत.

"भाऊजी, त्याह्यले वाटंत शिदोरी बी बांधून द्या," जाऊबाई म्हणाल्या. हे हसले.

मी टोपल्यात पाहिलं. शेपटीवाल्याची चपटी हिरवी अळी त्यात नव्हतीच. ती शेंगेच्या आत असते, हलवून पडत नाही. तिच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या मात्र झाडावर चढलेल्या होत्या.

"हलवून उपेग नाही," मी म्हटलं. "ते आत बसून राह्यलं."

"मंग काय करू? नियम मोडू?"

मोडूनही काय होणार होतं? फवाऱ्याचं औषध आमच्या गावात कोणी पाहिलं नव्हतं, आणि एकेक शेंग उकलून पाहिली तर तूरच हाती लागत नाही. मी रोज जाऊन बघत असे. ठिपके, शेपटी. ओळखण्यात चूक होत नव्हती. तेवढंच जमत होतं.

तूर काढली तेव्हा शेंगांतून काळा भुगा आणि कुरतडलेले दाणे निघाले. जाऊबाई पाखडायला बसल्या. बरीचशी तूर पोकळ, ती सुपातून उडून गेली.

"भाऊजी, हे बी नाल्यापलीकडे नेऊन सोडता काय?"

मी दुसरं सूप घेऊन बसले.