वीसपैकी सहा

"यांचं बोलणं अनोळखी माणसाला समजण्यासारखं राहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. माझ्याशी नाही, माझ्या नवऱ्याशी. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या ओठांवरून शब्द न् शब्द वाचला.

दहा वर्षांपासून माझं ऐकणं कमी होत गेलंय. कानाला मशीन लावलं तरी आवाज कळतात, शब्द कळत नाहीत. आपला आवाज आपल्यालाच नीट ऐकू आला नाही, की उच्चार घसरतात. माझे स आणि श एक झाले. पण हिंदमाताला साड्यांच्या दुकानात मी एकोणीस वर्षं काउंटरवर उभी आहे.

दोन-तीन गिऱ्हाइकांनी तक्रार केली, तेव्हा शेठ म्हणाले, "सुनंदाताई, डॉक्टरांचं पत्र आणा. तोवर मागे बसून घड्या घाला."

म्हणून परळच्या एका हॉस्पिटलात 'स्पीच इंटेलिजिबिलिटी टेस्ट' केली. म्हणजे आपलं बोलणं ऐकणाऱ्याला किती समजतं, ते मोजायचं. वीस वाक्यं वाचायची. ती रेकॉर्ड होतात. मग आपल्याला न ओळखणारा माणूस ती ऐकतो आणि समजेल ते लिहून काढतो.

आठवड्याने निकाल आला. वीसपैकी सहा.

मी ऐकणाऱ्याने लिहिलेला कागद मागितला. "पेशंटला त्याची गरज नसते," डॉक्टर म्हणाले. माझा आवाज चढला असणार, कारण ह्यांनी माझा हात दाबला. कागद मिळाला.

मी वाचलं होतं, 'शेतकऱ्याने शेंगा वाळवल्या.' कागदावर होतं, 'सेठ करने सिंघाडा.' पुढची बरीच वाक्यं कोरीच. विचारल्यावर कळलं, ऐकायला एकटीच बसली होती, एक शिकाऊ मुलगी. मी तिला पॅसेजमध्ये गाठलं. बिचारी गोंधळली. माझ्या वहीत तिने लिहून दिलं, "मराठी ठीक से नहीं आती. मुझे बिठाया, मैं बैठ गई."

तिच्यावर काय रागवायचं? जिला मराठी येत नाही तिला मराठी ऐकायला बसवलं कोणी? आणि शिक्का माझ्या कपाळावर!

डिलाईल रोडला घरी पोचलो. हे म्हणाले, "जाऊ दे ना. घड्या घालायचं काम काय वाईट?"

"तुम्हाला समजतं ना माझं बोलणं?"

"मला समजतं गं. सवय झालीय."

डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा तो 'सवय' शब्द जास्त लागला.

पुढच्या मंगळवारी मी एकटी हॉस्पिटलात गेले. स्पीच थेरपिस्टना भेटले, म्हणजे उच्चार सुधारून देणाऱ्या बाईंना. त्यांचं नाव शुभांगी मॅडम. मी तो कागद त्यांच्या टेबलावर आपटला. त्यांनी तो पूर्ण वाचला. म्हणाल्या, "ही टेस्ट चुकीची झालीय. परत घेऊ."

या वेळी ऐकायला तिघं बसले. वॉर्डातल्या सिस्टर, केसपेपरच्या खिडकीवरचे काका आणि एका पेशंटची बहीण. तिघंही मराठी बोलणारे, मला न ओळखणारे. तिघांची सरासरी तेरा.

मी जिंकल्यासारखी बघत होते. मॅडम म्हणाल्या, "राहिलेली सात मात्र आपली. त्यांच्यावर काम करायचं."

तोंडासमोर तळहात धरून स चा वारा ओळखायचा, आरशात जीभ बघायची. चार महिने केलं. कंटाळा आला, चिडले, रडलेही.

पहिला रिपोर्ट फायलीतून काढा, असं मी हॉस्पिटलला लेखी दिलं. "सिस्टीममधून काढता येत नाही," हे उत्तर. तो अजून तिथेच आहे. आठवलं की अजून डोकं तापतं.

शेठनी नव्या निकालाचं पत्र वाचलं आणि म्हणाले, "बघू." मी मागच्या खोलीत गेलेच नाही. काउंटरवर उभी राहिले आणि समोरच्या बाईसाठी साडी उलगडली. त्यांनी हटवलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला ही टेस्ट सांगितली, तर आधी विचारा, ऐकणार कोण? किती जण? त्यांना माझी भाषा येते का? उद्धट म्हणतील. म्हणू देत.

थेरपीच्या शेवटच्या दिवशी मॅडमचे आभार मानायचे होते. घरी आरशासमोर वाक्य घोटून गेले होते. ऐनवेळी त्यांच्या नावातलाच श घसरला. त्यांनी सुधारला नाही. माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "समजलं."