एंटरबाईंची बोटं

आमच्या आत्याला गल्लीत सगळे एंटरबाई म्हणायचे. ओळ संपली की ती एंटरचं बटण असं काही हाणायची, की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला मशीन चालवतानाही आवाज जायचा. टाइपरायटरवर काढलेल्या वीस वर्षांची ती सवय. तिथे ओळ संपली की दांडी खाडकन ढकलावी लागे. पुढे दांडी गेली, पण हातातला जोर राहिला. वर्षाला एक तरी कीबोर्ड एंटरपाशी निकामी व्हायचा आणि ती "हल्ली मालच चांगला येत नाही" म्हणून दुकानदाराला बोल लावायची.

मी सॉफ्टवेअर कंपनीत लागले, त्या दिवसापासून जगातल्या झाडून सगळ्या संगणकांची जबाबदारी तिने माझ्यावर टाकली. रविवारी सकाळी हमखास फोन यायचा.

"काय गं, तुमच्या लोकांनी परत माझं बटण हलवलं."

"आत्या, ते आमच्या कंपनीचं नाही."

"कुणाचंही असो, जात एकच. काल छापायचं बटण वर उजवीकडे होतं. आज तीन ठिपक्यांच्या पोटात गेलंय. मी कधी म्हटलं होतं का, की त्याची अडचण होतेय?"

हे ऐकून कुणाला वाटेल, बाई जुन्या वळणाची, नव्याचं वावडं असणारी. तसं मुळीच नव्हतं. नवीन काहीही आलं की आमच्या घरात ते पहिल्यांदा तिच्या संगणकावर चढायचं. महिनाभर वापरायची, मग एका लांबट वहीत शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा शेरा लिहायची. 'हुशार, पण आगाऊ.' 'नम्र आहे, फार हळू.' 'दर आठवड्याला अपडेट मागतो, घरात ठेवण्यासारखा नाही.' प्रिंटरला ती जावई म्हणायची, कारण सगळं त्याच्या मनासारखं केलं तरी ऐनवेळी रुसतो. आणि नवा पासवर्ड मागितला की तिचा पारा चढायचा. "एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एखादं चिन्ह हवं, आधीचा नको. पासवर्ड मागताय की स्थळ बघताय?"

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कोर्टासमोर एका वकिलाच्या ओट्यावर टाइपरायटर घेऊन बसायची. मी दुसरीत असताना तिने तो विकला आणि जिन्यावरच्या खोलीत संगणक आणला. मॉनिटर इतका ढेरपोट्या होता की टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढावं लागलं. शिंप्याने उरल्यासुरल्या कापडातून त्याला खोळ शिवून दिली. धुळीने यंत्र बिघडतं असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून आम्ही चपला जिन्यातच काढायचो आणि पाय पुसून आत जायचो. ते यंत्र सुरू व्हायला इतका वेळ लागे की तेवढ्यात आत्या चहा करून प्यायची.

"तुझ्या टाइपरायटरला असा चहा लागत नव्हता," वडील चिडवायचे.

"म्हणून तर मला तो मिळत नव्हता," आत्या म्हणायची.

त्या काळी संगणकाला आपली लिपी यायची नाही. पोटात तो इंग्रजी अक्षरंच साठवायचा आणि फॉन्ट नावाचा प्रकार वरून त्यांना आपल्या अक्षरांचे कपडे चढवायचा. फॉन्ट काढून घेतला की खाली नुसता इंग्रजी अक्षरांचा, स्वल्पविरामांचा आणि कंसांचा काला. आत्याच्या फॉन्टची बटणं जुन्या टाइपरायटरसारखीच लावलेली होती, त्यामुळे तिला नवीन काही शिकावं लागलं नाही. लग्नपत्रिका, अर्ज, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळं ती कीबोर्डकडे न बघता टाइप करायची. मी शेजारी स्टुलावर बसून फ्लॉपीवर चिकटवायच्या पट्ट्यांवर गिरगटत असायचे.

याच खोलीत तिने पाणीपुरवठा विभागाचं मोठं काम केलं. रस्त्याखालच्या नळांच्या चाव्या, म्हणजे पाणी बंद करायचे व्हॉल्व्ह, कुठे कुठे पुरले आहेत, हे गावात एकट्या म्हाताऱ्या फिटरला माहीत होतं. तो निवृत्तीला आला, तेव्हा साहेबांनी त्याच्या वह्या टाइप करून घ्यायच्या ठरवल्या. पण त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागतं का, अशी शंका यावी असं होतं. मग फिटर स्वतःच रोज दुपारी येऊन बसू लागला. तो सांगायचा, आत्या टाइप करायची. सात महिने हे चाललं.

मला एक दुपार चांगली आठवते. फिटर म्हणाला, "लिहा बाई, कोपऱ्यावरच्या खांबापासून नऊ पावलं."

आत्याचे हात थांबले. "नऊ पावलं कुणाची?"

"कुणाची म्हणजे? माझीच."

"दादा, उद्या तुमच्या जागी एखादा ताडमाड उंच माणूस आला, तर तो कुठे खणेल?"

फिटरने आपल्या पायांकडे पाहिलं. आत्याने मला खाली पाठवून शिंप्याची टेप मागवली आणि त्याला खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं. तो लाजत लाजत चालला. पाऊल भरलं सव्वीस इंच. यादीच्या पहिल्याच पानावर तिने ते टाकलं.

काम संपलं, यादी विभागात गेली, फिटर निवृत्त झाला आणि काही वर्षांनी वारलाही. पुढे घरोघरी संगणक आले, मग लोक फोनवरच लिहायला लागले. आत्याकडचं काम आटत गेलं. तिने त्याचा त्रास करून घेतला नाही. "टाइपरायटर विकला तेव्हा मी रडले नव्हते, आता काय रडायचं?" म्हणायची. मात्र दुपारी दोन वाजता ती खोलीत जाऊन बसायची ती बसायचीच, काम असो की नसो.

ती अडुसष्ट वर्षांची असतानाची गोष्ट. मी चार दिवस रजेवर घरी आले होते. सकाळी दवाखान्याजवळ मोठा नळ फुटला. रस्त्यावर गुडघाभर पाणी झालं. तेवढ्या भागाची चावी कुठे आहे ते कुणाला सापडेना, म्हणून शेवटी टाकीपाशीच पाणी तोडलं आणि दवाखान्यासकट अर्धं गाव कोरडं पडलं. अकराच्या सुमाराला एक तरुण मुलगी जिना चढून आली. हातात लॅपटॉप, चपला चिखलाने भरलेल्या. पाणीपुरवठ्याची नवी इंजिनिअर होती ती.

"एंटरबाई इथेच राहतात का?" तिने विचारलं आणि एकदम ओशाळली. "सॉरी, ऑफिसात सगळे असंच म्हणतात. खरं नाव मला कुणी सांगितलंच नाही."

"तेच चालतं," आत्या म्हणाली. "काय झालं?"

झालं होतं असं. यादीची छापील प्रत छताच्या गळतीने कुजली होती. संगणकातली फाइल मात्र या यंत्रातून त्या यंत्रात अशी पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेली होती. ती कुणी उघडून बघितली नव्हती आणि सोबतचा फॉन्ट कुणी जपला नव्हता. आज उघडली तर पडद्यावर नुसता काला.

आत्याचा जुना संगणक केव्हाच भंगारात गेला होता. फ्लॉप्यांना बुरशी आली होती. मी इंटरनेटवर फॉन्ट शोधला, मिळाला नाही. असला मजकूर बदलून देणाऱ्या दोन-तीन साइट्स पाहिल्या, पण त्या भलत्याच फॉन्टसाठी होत्या. एकीने तर सबंध पानभर नुसते विसर्ग दिले. दहा वर्षं या धंद्यात काढून माझ्याच्याने एक फाइल उघडत नव्हती.

आत्या मागे उभी राहून बघत होती. "सरक बघू जरा."

"आत्या, ते वाचता येण्यासारखं नाहीये."

"वाचायचंय कुणाला?"

तिने चष्मा चढवला, लॅपटॉप पुढे ढकलला आणि दोन्ही हात मोकळ्या टेबलावर ठेवले. पडद्यावर जे इंग्रजी अक्षर दिसेल, त्याचं बटण जिथे असायला हवं तिथे लाकडावर बोट आपटायला लागली. आधी सावकाश, मग भराभर. बोटं पुढे जात होती आणि तोंड त्यांच्या मागून येत होतं. "चा... वी. चावी... क्र... मां... क." ती थांबली, माझ्याकडे वळून बघितलं आणि लहान मुलीसारखी हसली. "अगं, सगळं आहे इथे. जसंच्या तसं."

इंजिनिअर मुलगी तिच्या शेजारी येऊन पडद्यात डोकावू लागली.

पण यादी होती चारशे पानांची. अशी वाचत बसलो असतो तर आठवडा गेला असता. तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. म्हटलं, "आत्या, या लॅपटॉपवर तुझ्या पद्धतीने 'दवाखान्या' एवढंच टाइप कर." तिने केलं. पडद्यावर अगम्य आठ-नऊ अक्षरं उमटली. तेवढीच मी फाइलमध्ये शोधली. अकरा जागा निघाल्या. पुन्हा तिने टेबल वाजवायला सुरुवात केली. सातव्या जागेवर बोटं थबकली.

"घे लिहून. दवाखान्याच्या मागच्या फाटकापासून शाळेच्या भिंतीकडे बावीस पावलं. चावी उलटी फिरते."

इंजिनिअरने फोन कानाला लावला आणि तसाच खाली घेतला. "बावीस पावलं... म्हणजे नेमकं किती?"

"पहिलं पान काढा," आत्या म्हणाली. पण पान निघायच्या आधी तिनेच सांगून टाकलं, "सव्वीस इंचाचं एक."

सत्तेचाळीस फूट आठ इंच. तिथे दोन वर्षांपूर्वी फरशी बसवली होती. ती उचकटल्यावर हातभर खाली लोखंडी झाकण लागलं. माणसांनी सवयीने सुलट जोर लावला तर चावी हलेना, मग फोनवरून "उलटी, उलटी!" असा आरडाओरडा झाला. पावणेचारला टाकीवरून पाणी सोडलं आणि दवाखान्याचे नळ सुरू झाले. निरोप आला तेव्हा आत्या जेवत होती, सकाळपासून राहिलेलं. "बरं झालं," म्हणाली आणि ताटाकडे बघत राहिली. मी पाहिलं, तिची बोटं ताटाच्या कडेवर अजून हलत होती.

पुढच्याच आठवड्यात विभागाने तिला सगळी यादी कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशी करून द्यायची विनंती केली. मी बदल करणारा प्रोग्राम लिहायचा, तिने तपासायचा, असं ठरलं. अकरा महिने आम्ही दोघी दर रविवारी फोनवर असायचो. माझ्या नोकरीत मला असा तपासनीस पुन्हा मिळाला नाही.

"हा शपिाई कोण?" पहिल्याच रविवारी तिने विचारलं.

"कोण?"

"पान चार. 'शपिाई वस्ती.' तुझ्या प्रोग्रामने शिपायाची वेलांटी पळवलीय. अगं, आमच्याकडे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची असते. तुला शेजारी बसवून दाखवलं होतं ना?"

दाखवलं होतं. मी पट्ट्यांवर गिरगटत होते.

मी दुरुस्ती करायचे, ती नवीन चूक काढायची. कधी वैतागून मी म्हणायचे, "शंभरात एखादं चुकलं तर चालतं, आत्या." त्यावर ती म्हणायची, "त्या एका ठिकाणी खणणाऱ्याला सांग जाऊन."

मधूनच फिटरने सांगता सांगता टाकलेली वाक्यं निघायची. तिने त्या वेळी ती जशीच्या तशी टाइप केली होती. 'इथलं कुत्रं चावतं, आधी मालकाला हाक मारावी.' 'इथे दुपारी काम करू नये, सावली नाही.' आम्ही हसायचो. एका रविवारी मात्र ती बोलता बोलता गप्प झाली.

"आत्या? आहेस ना?"

"आहे. ऐक. 'ही चावी मी माझ्या हाताने बसवली. तीस वर्षांत थेंबभर गळली नाही.' हे मी टाइप केलं होतं गं, आणि मान वर करून त्याच्याकडे बघितलंही नाही. पुढची ओळ विचारली असेल."

असली वाक्यं यादीत नकोत, असं इंजिनिअर मुलीचं मत पडलं. नियमात बसत नव्हतं. आत्या तिच्याशी भांडली नाही. दोघींनी बसून एकेक वाक्य पाहिलं. कुत्र्याचं गेलं, सावलीचं राहिलं. चावीच्या ओळीपाशी आत्या म्हणाली, "ही राहू द्या. पाहिजे तर माझ्या मजुरीत धरा." ती राहिली.

त्यानंतर आत्या चार वर्षं होती. शेवटी डोळे अधू झाले, तेव्हा मी तिच्या फोनमध्ये वाचून दाखवणारा आवाज बसवून दिला. त्याचे उच्चार ऐकून ती हैराण व्हायची आणि त्याला मोठ्याने दुरुस्त करायची. तो ऐकत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती गेल्यावर इंजिनिअर भेटायला आली. आता ती मोठ्या हुद्द्यावर आहे. म्हणाली, नवा फिटर कामाला लागला की पहिले दोन दिवस त्याला ती यादीच वाचायला बसवतात. "पोरं विचारतात, ही बत्तीसाव्या पानावरची ओळ कुणाची म्हणून."

"मग तुम्ही काय सांगता?"

"त्यांना तिकडे घेऊन जाते आणि झाकण उघडून दाखवते," ती म्हणाली. "अजून गळत नाही."