खोबणीची राखण

दाताच्या दवाखान्यात बावीस वर्षं मदतनीस असलेल्या बाईला पेशंट पाठीमागे ‘चूळनको ताई’ म्हणत. नाव ठेवल्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. नाव ठेवणारेच घरी जाऊन पहिली चूळ भरत, याचं वाटायचं.

दात काढून झाला की डॉक्टर हात धुवायला जात आणि पुढचं तिच्यावर सोपवत. ती प्लास्टिकचा जबडा पुढ्यात घ्यायची आणि त्यातली एक दाढ उपटून दाखवायची. दात काही हाडात सिमेंटने बसवलेला नसतो. त्याच्या मापाची खोबण असते आणि बारीक तंतूंनी तो तिच्यात धरून ठेवलेला असतो. दात गेला की खोबण उघडी पडते, तिच्यात रक्त साकळून गाठ धरते आणि त्या गाठीच्या आडोशाने हळूहळू नवं हाड भरतं. “ती गाठ म्हणजे जखमेचं झाकण. ते तेवढं हलवू नका,” इतकंच तिचं मागणं. त्यासाठी तिने स्वतः एक कागद लिहून छापून घेतला होता. पहिल्या दिवशी चूळ नको. पुढे आठवडाभर जोरात थुंकणं नको, स्ट्रॉ नको, विडी-सिगारेट नको, बोट किंवा काडी घालणं नको, कडक खाणं नको.

लोक मान डोलवत आणि चौथ्या दिवशी गाल धरून हजर होत. कुणी अडकलेला कण टाचणीने कोरलेला, कुणी शेजारणीचं ऐकून त्याच संध्याकाळी खळाखळा चुळा भरलेल्या. शिकलेल्या बाईचं ऐकायचं नाही, शेजारणीचं ऐकायचं! सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ती दातओठ खात त्यांच्या खोबणीत औषधाचा बोळा भरायची.

घरी तर त्याहून आनंद. नवरा गॅरेजमध्ये मिस्त्री. तिने काहीही सांगावं आणि त्याने ‘हो हो’ म्हणत पेपर उलटावा, हे लग्नापासून चालत आलेलं. जगाने नाही तर नाही, निदान या एका माणसाने एकदा तरी आपलं ऐकावं, एवढीच तिची इच्छा उरली होती.

मग त्याचीच खालची दाढ काढायची वेळ आली. तिने कागद हातात देऊन कानीकपाळी ओरडून सांगितलं. तो ‘हो हो’ म्हणाला. दोन दिवस घरी बरे गेले, तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि चौथ्या सकाळी ठणका थेट कानापर्यंत पोचला. तिने टॉर्च मारून पाहिलं. खोबण रिकामी होती, आत पांढरं हाड दिसत होतं आणि तोंडाला दवाखान्यातला तो ओळखीचा वास येत होता.

विडी ओढली असणार, चूळ भरली असणार, असं म्हणत तिने दवाखान्यापर्यंत वाटभर त्याला फैलावर घेतलं. तो नुसती मान हलवत होता. खुर्चीत बसल्यावर त्याने शर्टाच्या खिशातून तोच कागद काढला. त्यावर ग्रीसचे ठसे होते आणि सहाच्या सहा ‘नको’पुढे रोजची एक, अशा पेन्सिलीच्या खुणा. विडीपुढेसुद्धा. तीस वर्षांत ज्याची विडी एक दिवस चुकली नव्हती, त्याच्या त्या खुणा होत्या.

काल कामावर काय केलं, असं डॉक्टरांनी विचारलं.

“विशेष काही नाही. एका गाडीची टाकी रिकामी करायची होती. नळी घालून तोंडाने पेट्रोल ओढलं, नेहमीसारखं.” मग बायकोकडे पाहून तो म्हणाला, “तुझ्या कागदात ते नव्हतं.”

डॉक्टरांनी हसू दाबलं. तिला हसता येईना. रोज संध्याकाळी ज्याच्या अंगाला पेट्रोलचा वास येतो, त्याच्याशी तिने सव्वीस वर्षं संसार केला होता. स्ट्रॉ आठवली, नळी आठवली नाही. जन्मात एकदा त्याने अक्षर न् अक्षर ऐकलं आणि नेमकं तेव्हाच सांगणारी कमी पडली. आता रागवायचं तरी कुणावर?

तिने खोबण धुतली आणि बोळा बसवला. दुखून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो हलला नाही. उठताना त्याने कानामागची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली.

“सातवं लिही,” तो म्हणाला. “उद्या परत एक टाकी आहे.”